पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर भूल लवकर उतरवणारी औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्ण आणि नातेवाईक शल्यविशारदांना पुष्कळ प्रश्न विचारतात. भुलेबद्दलचे प्रश्न मात्र बहुधा मनातच राहतात, किंवा आदल्या संध्याकाळी घाईघाईने विचारले जातात. भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. येथील औषधांच्या मात्रा केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष निर्णय रुग्णाचे वय, वजन, मूत्रपिंडाची स्थिती आणि शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहून तुमचे भूलतज्ज्ञच घेतील.

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने लवकर जागे व्हावे, यावर एवढा भर का दिला जातो?

मणक्यातून मज्जारज्जू आणि पायांकडे जाणाऱ्या नसा जातात, आणि शस्त्रक्रिया त्यांच्या अगदी लगत झालेली असते. रुग्ण भुलेत असेपर्यंत त्या नसा नीट काम करत आहेत की नाहीत हे खात्रीने सांगता येत नाही. रुग्ण शुद्धीवर येऊन सांगितल्याबरोबर पाय हलवतो, तेव्हा ते कळते. म्हणून श्वासनलिकेतील नळी निघाल्यावर शल्यविशारद सर्वप्रथम पलंगाच्या पायथ्याशी उभे राहतात आणि म्हणतात, "पायाचा अंगठा वर उचला." ही साधी हालचाल कमरेच्या पाचव्या नसेची परीक्षा असते, आणि पाऊल खाली दाबायला सांगणे ही त्याखालच्या नसेची. अंगठा तपासणाऱ्याच्या बोटाच्या विरोधात किती जोराने वर येतो, दोन्ही बाजूंचा जोर सारखा आहे का, हे त्याच क्षणी कागदावर नोंदवले जाते.

ही पहिली नोंद पुढच्या काही तासांसाठी फार मोलाची असते. शस्त्रक्रियेच्या जागी आत रक्त साचून नसांवर दाब आला, तर आधी चांगली असलेली ताकद कमी होऊ लागते. अशा वेळी तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते, आणि तेथे एकेक तास महत्त्वाचा असतो. सुरुवातीची ताकदच ठाऊक नसेल, तर ती कमी झाल्याचे कसे ओळखणार?

नसांचे निरीक्षण करणारी विद्युत यंत्रे सर्रास वापरात येण्यापूर्वी पाठीचा बाक सरळ करण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांत रुग्णाला मध्येच थोडे जागे करून पाय हलवायला लावत असत. फ्रान्समधील शल्यविशारदांनी १९७३ मध्ये ही चाचणी मांडली, आणि यंत्रांवरील संकेत शंकास्पद वाटले तर ती आजही करतात.

भूल उतरवणारे एखादे इंजेक्शन असते का?

हा सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. सगळी भूल एका झटक्यात उतरवील असे एकच इंजेक्शन नाही. संपूर्ण भूल म्हणजे किमान तीन वेगळ्या गोष्टींची बांधणी असते. पहिली झोप, दुसरी वेदनाशमन आणि तिसरी स्नायूंचे शिथिलीकरण. या तिन्हींसाठी वेगवेगळी औषधे दिलेली असतात आणि ती वेगवेगळ्या वाटेने शरीराबाहेर पडतात. स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम काढून घेणारी खात्रीची औषधे आपल्याकडे आहेत. अफूवर्गीय वेदनाशामके आणि काही गुंगीच्या औषधांवरही उतारा आहे, पण तो संकटकाळासाठी राखून ठेवतात. शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलने किंवा सेव्होफ्लुरेनसारख्या वायूने आलेली झोप मात्र औषधाचे मेंदूतील प्रमाण उतरले की आपोआप उतरते.

शस्त्रक्रियेच्या शेवटी 'रिव्हर्सल दिले' असे तुम्ही ऐकता, तेव्हा बहुतेक वेळा स्नायू मोकळे करणारे औषध दिलेले असते. त्याने झोप उतरत नाही. या दोन गोष्टींत गल्लत झाली की "इंजेक्शन देऊनही आई जागी का झाली नाही?" असा घाबरवणारा प्रश्न उभा राहतो.

स्नायू मोकळे करण्यासाठी कोणती औषधे वापरतात?

शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालता यावी आणि पाठीचे जाड स्नायू बाजूला ओढता यावेत म्हणून रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम किंवा सिसॲट्राक्युरियम यांपैकी एखादे औषध दिलेले असते. नस आणि स्नायू जेथे भेटतात तेथे ॲसिटिलकोलीन हा रासायनिक निरोप्या काम करतो. शिथिल करणारी औषधे त्याची जागा अडवून बसतात.

जुना आणि आपल्याकडे सर्वत्र उपलब्ध असलेला उपाय म्हणजे निओस्टिग्मीन. ॲसिटिलकोलीन मोडून टाकणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते रोखते, त्यामुळे निरोप्यांची संख्या वाढते आणि अडवून बसलेले औषध मागे हटते. पण हाच निरोप्या हृदयात, आतड्यांत आणि लाळग्रंथींतही काम करतो. नाडी मंदावू नये आणि तोंडात लाळ भरून येऊ नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट द्यावेच लागते, आणि दोन्ही एकत्र असलेली तयार इंजेक्शने आपल्याकडे मिळतात. निओस्टिग्मीनची मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.०३ ते ०.०७ मिलिग्रॅम असते आणि एकूण ५ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. त्याची ताकद एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. स्नायू अजून पुरते सैल असतील, तर निओस्टिग्मीन कितीही दिले तरी रुग्ण मोकळा होत नाही. म्हणून ते घाईने देण्याचे औषध नव्हे.

सुगामाडेक्स म्हणजे काय, आणि ते खरोखर इतके जलद काम करते का?

होय, रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम यांच्या बाबतीत ते खरोखर जलद आहे. सुगामाडेक्सचा रेणू साखरेच्या घटकांनी बनलेल्या पोकळ कड्यासारखा असतो. रोक्युरोनियमचा रेणू त्या पोकळीत जाऊन अडकतो आणि ही जोडी लघवीवाटे बाहेर पडते. निरोप्यांची संख्या वाढवण्याऐवजी अडवणारालाच उचलून नेण्याचा हा मार्ग आहे. युरोपात त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत ॲलर्जीच्या शंकांमुळे ती डिसेंबर २०१५ पर्यंत लांबली.

स्नायूंची हालचाल थोडीफार परतलेली असेल तर दर किलोमागे २ मिलिग्रॅम आणि शिथिलता खोल असेल तर ४ मिलिग्रॅम देतात. स्नायू बहुधा दोन-तीन मिनिटांत पूर्ववत होतात. त्याच टप्प्यावर निओस्टिग्मीनला अनेकदा १५ मिनिटे किंवा अधिक लागतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. ॲट्राक्युरियम किंवा सिसॲट्राक्युरियम दिले असेल, तर सुगामाडेक्सचा काहीही उपयोग होत नाही. मूत्रपिंडे फारच दुबळी असतील तर ते सहसा टाळतात. क्वचित नाडी एकदम मंदावते, आणि क्वचित तीव्र ॲलर्जी होते. शिवाय ते गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरकालाही बांधून ठेवते, म्हणून गोळ्या घेणाऱ्या महिलांनी पुढचे ७ दिवस दुसरे साधनही वापरावे. ही सूचना रुग्णाला स्वच्छ शब्दांत देणे आमचे कर्तव्य आहे, आणि ते नेहमी पाळले जात नाही याची मला खंत आहे. हे औषध निओस्टिग्मीनपेक्षा महाग असल्याने सर्वच ठिकाणी सर्वांना दिले जात नाही. ॲट्राक्युरियम आणि निओस्टिग्मीन विचारपूर्वक वापरणारा भूलतज्ज्ञही रुग्णाला सुरक्षितपणे जागे करतो, त्यामुळे केवळ औषध जुने आहे म्हणून चिंता करू नये.

स्नायू पूर्ण मोकळे झाले हे भूलतज्ज्ञाला कसे कळते?

मनगटाच्या करंगळीकडील बाजूला दोन चिकटपट्ट्या लावून नसेला दोन सेकंदांत चार हलके विजेचे धक्के देतात आणि अंगठा किती वेळा आणि किती जोराने आकसतो ते पाहतात. शिथिलता खोल असताना अंगठा हलतच नाही. नंतर एक ठोका दिसतो, मग दोन, मग चारही दिसतात, पण चौथा पहिल्यापेक्षा मलूल असतो. चौथ्याचा जोर पहिल्याच्या किमान ९० टक्के झाल्याखेरीज नळी काढू नये, हा आजचा मान्य निकष आहे. नुसत्या डोळ्यांनी किंवा बोटाने हा फरक ओळखता येत नाही, त्यासाठी मोजणारे यंत्र लागते.

डोके पाच सेकंद उचलून धरणे, जीभ बाहेर काढणे, हात घट्ट दाबणे या चाचण्या वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत, पण पुरेशा नाहीत. त्या जमूनही घशाचे स्नायू अर्धवट दुबळे असलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अशा रुग्णाला लाळ गिळता येत नाही, श्वास अडल्यासारखा वाटतो आणि पुरती शुद्ध असल्यामुळे तो विलक्षण घाबरतो. हा अनुभव कोणाच्याही वाट्याला येऊ नये, आणि यंत्राने मोजमाप केले तर तो बहुतांशी टाळता येतो.

मोठ्या मणका-शस्त्रक्रियांत मेंदूपासून स्नायूंपर्यंत विद्युत संकेत पाठवून मज्जारज्जूवर लक्ष ठेवतात. स्नायू सैल असतील तर ते संकेत उमटत नाहीत. म्हणून तेथे नळी घालण्यापुरतेच शिथिल करणारे औषध देतात, आणि काही वेळा त्याचा परिणाम काढण्यासाठी सुगामाडेक्स शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच दिले जाते.

मग झोप लवकर उतरावी म्हणून काय करता येते?

येथे खरे काम भूल देण्यापूर्वीच्या आखणीत असते. प्रोपोफॉल शिरेतून सतत देत राहिल्यास ते चरबीत साठत जाते, त्यामुळे पाच-सहा तासांच्या शस्त्रक्रियेत मात्रा शेवटी हळूहळू उतरवत आणावी लागते. रेमिफेंटॅनिल हे वेदनाशामक रक्तातील आणि पेशींतील विकरांनी इतके झटपट मोडते की कितीही तास दिले तरी ते थांबवल्यावर काही मिनिटांत त्याचा प्रभाव निम्म्यावर येतो. पण मग वेदनाही तितक्याच झटपट परततात, म्हणून ते थांबवण्यापूर्वी दुसऱ्या वेदनाशमनाची सोय करावी लागते. डेस्फ्लुरेन हा वायू सेव्होफ्लुरेनपेक्षा लवकर बाहेर पडतो, मात्र मज्जारज्जूचे संकेत तपासायचे असतील तेथे असे वायू अडचणीचे ठरतात.

वेदनाशमनाची आखणीही जागे होण्याशी थेट जोडलेली आहे. पॅरासिटामॉल, पाठीच्या स्नायूंच्या पदरात टोचलेले बधिर करणारे औषध आणि जखमेच्या कडेला दिलेले इंजेक्शन यांच्या साह्याने मॉर्फिनची गरज घटली, की रुग्ण शुद्धीत आणि शांत दोन्ही राहतो.

मेंदूला थेट जागे करणारे औषध अजून निघालेच नाही का?

संशोधन चालू आहे. बोस्टनमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाने आयसोफ्लुरेन वायूच्या भुलेतील उंदीर जागे झाले. शिकागो विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून कॅफीन दिले असता आयसोफ्लुरेनमधून जागे होण्याचा वेळ साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष आशादायक आहेत. तरीही ८ निरोगी तरुणांवरील अभ्यास आणि रक्तदाबाची गोळी घेणारी, चार तास पालथी झोपलेली ६८ वर्षांची आजी यांत मोठे अंतर आहे, म्हणून रोजच्या वापरात ही औषधे आलेली नाहीत.

गुंगीची काही औषधे मात्र उलटवता येतात. मिडॅझोलाम किंवा नवे रेमिमॅझोलाम यांवर फ्लुमॅझेनिल हा उतारा आहे. मॉर्फिन किंवा फेंटॅनिलमुळे श्वास फारच मंदावला तर नॅलोक्सोन देतात. दोन्ही उताऱ्यांचा प्रभाव मूळ औषधापेक्षा लवकर ओसरू शकतो, त्यामुळे तासाभराने गुंगी किंवा श्वासाचा मंदपणा परत येण्याची शक्यता असते आणि रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. नॅलोक्सोन जास्त दिले तर वेदनाशमन एकदम नाहीसे होऊन रुग्ण कळवळतो, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये, थोडेथोडे देतात. केवळ लवकर बोलता यावे म्हणून ते देणे मला मान्य नाही.

जागे होताना खोकला आणि धडपड होऊ नये म्हणून काही देतात का?

नळीमुळे जोराचा खोकला आला तर मणक्याभोवतीच्या शिरांतील दाब वाढतो आणि नुकतेच थांबलेले रक्त पुन्हा सुटू शकते. डेक्समेडिटोमिडीन हे शांत करणारे औषध किंवा शिरेतून लिडोकेन दिल्यास जागे होणे बरेच शांत होते. डेक्समेडिटोमिडीनने मात्र जाग येण्यास काही मिनिटे अधिक लागू शकतात. ही तडजोड मी अनेकदा आनंदाने स्वीकारतो, कारण पाच मिनिटे उशिरा पण शांतपणे अंगठा हलवणारा रुग्ण मला अधिक हवा असतो.

मी पाठदुखीसाठी प्रीगाबालिन आणि ट्रॅमाडॉल घेतो. त्याचा संबंध येतो का?

फार येतो, आणि हे विचारणाऱ्यांपेक्षा न सांगणारेच अधिक असतात. मणक्याच्या रुग्णांत प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन घेणारे बरेच असतात. 'नसांची गोळी' एवढेच त्यांना ठाऊक असते. मॉर्फिनवर्गीय औषधांबरोबर (ट्रॅमाडॉल त्यांपैकीच) ही औषधे गुंगी वाढवतात आणि श्वास मंदावतात, विशेषतः वृद्धांत आणि घोरणाऱ्या जाड व्यक्तींत. ती स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नयेत. औषधांची पाकिटेच सोबत आणावीत, कारण नाव आठवत नाही पण पाकीट खोटे बोलत नाही. झोपेच्या गोळ्या, दारू, तंबाखू, मिश्री आणि आयुर्वेदिक काढे यांबद्दलही मोकळेपणाने सांगावे. लाजेखातर लपवलेली एक गोष्ट आम्हाला रात्रभर जागवू शकते. झोपेत श्वास अडण्याचा त्रास असून यंत्र वापरत असाल, तर ते यंत्रही रुग्णालयात न्यावे.

शस्त्रक्रिया संपली, पण रुग्ण अजून जागा झाला नाही. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा औषधांचा उरलेला प्रभाव एवढाच अर्थ असतो. पण भूलतज्ज्ञ तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. ते डोळ्यांच्या बाहुल्या पाहतात, शरीराचे तापमान मोजतात, रक्तातील साखर, सोडियम आणि कर्बवायू तपासतात. थंड पडलेल्या शरीरात औषधे सावकाश मोडतात, ॲट्राक्युरियमसुद्धा, म्हणून ३६ अंश सेल्सिअसच्या वर ऊब राखणे हीच जागे करण्याची मोठी युक्ती आहे. मधुमेही उपाशी रुग्णाची साखर उतरलेली असणे हे सहज तपासता येणारे आणि कधीही विसरू नये असे कारण आहे. वाढत्या वयात औषध कमी पुरते, यकृत किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर ते रेंगाळते. ही सारी कारणे सापडली नाहीत, तर मेंदूच्या तपासणीचा विचार केला जातो.

काही वेळा न उठवणे हाच योग्य निर्णय असतो. बराच वेळ पालथे राहिल्याने चेहरा आणि घसा सुजलेला असेल, रक्तस्राव पुष्कळ झालेला असेल किंवा मानेच्या पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया झाल्यावर श्वासमार्गाची शंका असेल, तर नळी तशीच ठेवून रुग्णाला अतिदक्षता विभागात नेतात.

सक्सिनिलकोलीनमुळे श्वास परत येण्यास वेळ लागतो, असे आमच्या नातेवाइकांच्या बाबतीत घडले होते. आम्ही काय सांगावे?

नळी लवकर घालण्यासाठी वापरले जाणारे, स्नायू सैल करणारे हे औषध रक्तातील एका विकरामुळे मोडते. काही कुटुंबांत ते विकर जन्मतःच कमी असते आणि पाच-दहा मिनिटांचा परिणाम कित्येक तास टिकतो. आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि मराठवाडा-विदर्भाच्या आंध्र-तेलंगणाकडील पट्ट्यात या समाजाची अनेक कुटुंबे आहेत. यात घाबरण्यासारखे काही नाही. निओस्टिग्मीन किंवा सुगामाडेक्स येथे उपाय नव्हे. कृत्रिम श्वास आणि झोप चालू ठेवून औषध उतरण्याची वाट पाहणे हाच मार्ग आहे. तुमच्या घरात कोणाच्या बाबतीत असे घडले असेल, तर ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगा. मग ते औषध टाळता येते.

कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या भुलेवर उतारा असतो का?

नाही. कमरेच्या एखाद्या गादीची छोटी शस्त्रक्रिया अशा भुलेत होऊ शकते. तीत वापरल्या जाणाऱ्या बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा परिणाम काही तासांत स्वतःच ओसरतो आणि तोपर्यंत पायांची ताकद तपासता येत नाही. याच कारणाने पुष्कळ शल्यविशारद संपूर्ण भूल पसंत करतात.

मळमळ आणि उलटी होऊ नये म्हणून काय देतात?

ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही नेहमीची जोडी आहे. महिला, धूम्रपान न करणारे, आणि गाडी लागण्याचा किंवा आधीच्या भुलेनंतर उलट्या होण्याचा पूर्वेतिहास असणारे यांना त्रास होण्याची शक्यता अधिक असते. मधुमेह्यांत डेक्सामेथासोनने साखर वाढू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवतात.

माझी आई वयस्क आहे. तिला गोंधळल्यासारखे होईल का, आणि त्यावर औषध आहे का?

वृद्धांत भुलेनंतर काही तास किंवा दिवस गोंधळ, बडबड किंवा उलट अतिशय गप्प होणे दिसू शकते. खात्रीने दूर करील असे औषध नाही, आणि झोपेची गोळी देऊन शांत करण्याने बहुधा बिघडतेच. मदत होते ती साध्या गोष्टींनी. एका आजींना शुद्ध आली तेव्हा त्या कोणाच्याच प्रश्नाला उत्तर देत नव्हत्या, आणि सगळे काळजीत पडले. परिचारिकेने पिशवीतून श्रवणयंत्र काढून त्यांच्या कानात बसवले, चष्मा लावला आणि त्यांच्या कानाशी हळूच हाक मारली, "आजी, पाय हलवा बघू." आजींनी दोन्ही पाय हलवले आणि चहा मागितला. चष्मा, श्रवणयंत्र आणि दातांची कवळी शस्त्रक्रियेपूर्वी काढून घेतात. ती नावाच्या चिठ्ठीसह पिशवीत ठेवून, आई जागी होण्याच्या वेळी परिचारिकेच्या हाती पोहोचेल अशी व्यवस्था करा.

घरी गेल्यावर कॉफी किंवा चहाने उरलेली गुंगी लवकर जाईल का?

चहा-कॉफी घ्यायला हरकत नाही, पण त्याने उरलेले औषध लवकर बाहेर पडत नाही. भुलेनंतर २४ तास गाडी चालवू नये, यंत्रांवर काम करू नये, मद्य घेऊ नये आणि महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये. पायात नवी बधिरता किंवा अशक्तपणा, लघवी अडणे किंवा शौचावरील ताबा जाणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याच रात्री रुग्णालयाला फोन करा.